दाढीवाली ओदील रुकेत

एरवी नार्बोनमध्ये वाऱ्याच्या नावाने सगळे खडे फोडत असतात. टोप्या उडवतो, झडपा आपटतो, डोकं उठवतो म्हणून. त्या जुलैत तो सलग नऊ दिवस पडला आणि त्याच लोकांना त्याची आठवण येऊ लागली. दुपारी बारालाच रस्ते ओस पडायचे, खिडक्यांच्या लाकडी झडपा बंद व्हायच्या, आणि फाब्रेगच्या एसी दुरुस्तीच्या दुकानातला फोन तेवढा एकसारखा खणखणायचा. "आमचा एसी गार करत नाही, गॅस भरून द्या." दिवसाला चाळीस फोन आणि चाळिसांच्या तोंडी हेच वाक्य.

ओदील रुकेतला त्या वाक्याची चीड होती. एसीतला गॅस म्हणजे काय मोटारीतलं पेट्रोल आहे, वापरलं की संपायला? बंद नळ्यांतून तो फिरतो, घरातली उष्णता उचलतो, बाहेर नेऊन टाकतो आणि परत येतो. वीस वर्षं तोच गॅस, तेवढाच गॅस. कमी झाला असेल तर नळीला कुठेतरी भोक पडलेलं असतं. मग आधी ते भोक शोधायचं, बुजवायचं, आणि त्यानंतर गॅस काट्यावर तोलून भरायचा. कायदाही तेच सांगतो. ओदील हे गिऱ्हाइकांना सांगायची, दुकानातल्या माणसांना सांगायची, आणि कोणीच ऐकत नसेल तेव्हा गाडी चालवताना स्वतःलाच सांगत बसायची.

वय चोपन्न. त्यातली बावीस वर्षं तिने वाइनच्या सहकारी कारखान्यात बाटल्या भरण्याच्या पट्ट्यावर उभं राहून काढली होती. कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा ती सेहेचाळीस वर्षांची होती. बरोबरीच्या बायका सुपरमार्केटात गल्ल्यावर बसल्या, काही म्हाताऱ्यांची सेवा करायला लागल्या. ओदील रोजगार कचेरीत गेली आणि म्हणाली, मला थंडाव्याची यंत्रं शिकायची आहेत. तिथल्या बाईने तिला दोनदा विचारून घेतलं. मग ही एकोणीस वर्षांच्या पोरांच्या वर्गात जाऊन बसली. पोरं तिला आजी म्हणायची. पहिल्या परीक्षेत तांब्याच्या नळीचा जोड फुटला आणि ती नापास झाली. दुसऱ्यांदा पास झाली आणि हातात प्रमाणपत्र पडलं, त्यावर तिचं नाव आणि सात आकडी नंबर. त्या नंबराशिवाय या देशात कोणाला गॅसच्या सिलिंडरचा नळ उघडता येत नाही. घर भाड्याचं, गाडी दुकानाची, आडनाव सोडून गेलेल्या नवऱ्याचं. तिच्या एकटीचं म्हणावं असं तेवढं ते प्रमाणपत्र होतं.

दहाव्या दिवशी सकाळी फाब्रेगने तिला कालव्याजवळच्या एका इमारतीत पाठवलं. तिसरा मजला, मादाम गाल्तिये, वय एक्क्याऐंशी. खरं तर ते गिऱ्हाईक दुकानातल्या लोइकचं होतं, पण तो त्या दिवशी दातांच्या डॉक्टरकडे गेला होता. ओदीलने हत्यारांच्या दोन पेट्या वर चढवल्या आणि घंटी वाजवली. दार साखळीपुरतं उघडलं.

"कोण?"

"एसीचं काम करायला आलेय, मादाम. फाब्रेगच्या दुकानातून."

"नाव?"

"ओदील रुकेत."

"साफ खोटं," आतला आवाज म्हणाला. "ओदील रुकेतला मी चांगली ओळखते. तीन वर्षं दर जुलैत येतोय. उंच आहे, काळी दाढी आहे, आणि पाय पुसल्याशिवाय आत शिरतो."

ओदीलला हसू आवरेना. "दाढी? अहो मादाम, ओदील हे बाईचं नाव आहे."

"ते मला कळत नाही होय? मलाही नवल वाटलं होतं. पण हल्ली लोक पोरांची नावं काय वाटेल ती ठेवतात, म्हणून विचारलं नाही. चाळीस वर्षं पोस्टाच्या खिडकीवर बसलेय मी. नाव आणि चेहरा जुळल्याशिवाय कोणाला पाकीटसुद्धा दिलं नाही. काढा ओळखपत्र."

ओदीलने ओळखपत्र फटीतून आत सरकवलं. म्हातारीने ते चष्म्याशी नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं. साखळी निघाली.

"मग तो कोण?" तिने विचारलं. त्या प्रश्नात भीती नव्हती, राग होता. आपल्या खिडकीवरून कोणीतरी दुसऱ्याचं पाकीट उचलून नेलं, अशा तऱ्हेचा राग.

जेवणाच्या टेबलाच्या खणातून तिने तीन कागद काढून समोर ठेवले. गॅसला हात लावला की भरावं लागतं ते पत्रक होतं, दर वर्षीचं एक. ओदीलने ते वाचले आणि तिचं हसू मावळलं. "गळती तपासली: नाही. गॅस भरला: दीडशे ग्रॅम." पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी एकशे दहा. प्रत्येकाखाली तिचं नाव, तिचा सात आकडी नंबर आणि कोणीतरी घाईत ओढलेली तिची सही. या घरात तिने आजवर पाऊलही टाकलं नव्हतं. उंच आणि काळ्या दाढीचा म्हणजे लोइक, हे तिला लगेच कळलं. पण लोइकला तिचा नंबर कुठून मिळाला असेल? तो फक्त फाब्रेगच्या कपाटात होता.  दुकानातल्या नऊ माणसांत प्रमाणपत्रवाले दोघेच होते. दुसरा बेर्नार तर तीन वर्षांपूर्वीच निवृत्त झाला होता. म्हणजे तेव्हापासून सगळं दुकान तिच्या एकटीच्या नंबरावर चाललं होतं, आणि तिचा तिलाच पत्ता नव्हता.

"पाणी घे, पोरी," मादाम गाल्तिये म्हणाली. पुदिन्याच्या सरबताचा हिरवागार पेला तिने पुढे केला. "चेहरा उतरलाय तुझा."

"आधी यंत्र बघू द्या," ओदील म्हणाली. चीड आली की तिला हात कामात लागत.

एसीचा बाहेरचा डबा गॅलरीत असायला हवा होता. गॅलरीत डबा कुठे दिसेना. दिसत होती ती बोरूची चटई, कोपऱ्यात उभी गुंडाळून तारेने घट्ट आवळलेली, आणि वर दोन जिरेनियमच्या कुंड्या.

"हे काय?"

"त्याच्या आतच आहे. इमारतीच्या समितीचा हुकूम. बाहेरून डबा दिसता कामा नये, इमारतीची शोभा जाते म्हणे. तो देल्प्रा, समोरच्या गॅलरीतला, तोच अध्यक्ष. बसवल्यापासून पंधरा दिवसांत चिठ्ठी आली. मग मी झाकून टाकला."

ओदीलने कपाळाला हात लावला. अशी झाकलेली यंत्रं तिने गावात शंभर तरी पाहिली असतील. घरातली सगळी उष्णता बाहेर फेकायची ती या डब्याने. त्यालाच चटईत कोंडलं की तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा गिळत बसतो. मग घर गार होत नाही, घरातला माणूस फोन करतो, आणि फोनवर तेच वाक्य बोलतो.

"मादाम, पहिल्या वर्षी तुमच्या एसीला काहीच झालं नव्हतं. त्याचा नुसता श्वास कोंडला होता. ही चटई सोडायची आणि 'इथे काही बांधू नका' म्हणायचं. पाच मिनिटांचं काम."

"आणि दाढीवाल्याने काय केलं?"

"चटईच्या वरून हात घातला, नळी जोडली आणि गॅस सोडला. भोक नाही असं स्वतःच लिहिलंय, तरी भरलाय. जिथून काही सांडतच नाही, त्यात ओतत राहिलं तर काय होईल?"

 मादाम गाल्तिये स्वयंपाकघरात गेली, मासे कापायची मोठी कात्री घेऊन आली आणि तारेला भिडली. ओदील पुढे झाली तर म्हातारीने तिला कोपराने बाजूला सारलं. दोन तारा तुटल्या आणि चटई धप्पकन गॅलरीत पसरली. आतला डबा धुळीने माखलेला, हाताला चटका बसेल इतका तापलेला.

समोरची झडप उघडली. पांढऱ्या बनियनमधला एक गृहस्थ बाहेर डोकावला. "मादाम गाल्तिये! नियम माहीत आहेत ना तुम्हाला?"

"आहेत हो, देल्प्रा!" म्हातारी कठड्यावरून ओरडली. "माझा डबा दिसतो म्हणून शोभा जाते, मग तुमचं ते बनियन कोणत्या नियमात बसतं? चिठ्ठी पाठवा. या वेळी उत्तर देईन!"

झडप बंद झाली. ओदीलला त्या म्हातारीचा एकदम हेवा वाटला. एक्क्याऐंशी वर्षांची बाई, कात्रीने दोन तारा कापते काय आणि मोकळी होते काय.

मग ओदीलने तिच्या पद्धतीने काम केलं, एक पायरीही न गाळता. आधी डबा धुतला, पंखा मोकळा केला, यंत्र चालू करून पाहिलं. दाब अजूनही जास्तच होता, कॉम्प्रेसर रडत होता. तेव्हा तिने रिकामं सिलिंडर वजनकाट्यावर ठेवलं, ओढून घेणारं यंत्र जोडलं आणि नळ्यांमधला सगळा गॅस बाहेर काढला. काट्यावरचे आकडे चढत गेले. डब्याच्या पाटीवर कारखान्याने लिहिलं होतं: नऊशे ग्रॅम. काटा नऊशेच्या पुढे गेला, हजार झाले, बाराशे झाले. तेराशे दहावर थांबला.

"चारशे दहा ग्रॅम जास्त," ओदील म्हणाली. "तिन्ही पत्रकांची बेरीज करा."

पोस्टातल्या बाईला कागद लागला नाही. "दीडशे, दीडशे, एकशे दहा. चारशे दहा. अगं बाई! म्हणजे मी तीन वर्षं एसी बिघडवायचे पैसे देत होते!"

ओदीलने नळ्यांत नायट्रोजन भरून दाब धरून पाहिला, प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडासुद्धा आला नाही. मग नळ्या पंपाने पुऱ्या कोरड्या केल्या आणि काढलेल्या गॅसपैकी नऊशे ग्रॅम तोलून परत सोडले. दहा मिनिटांत बैठकीच्या खोलीत अशी गार झुळूक सुटली की मादाम गाल्तियेने खांद्यावर शाल ओढली.

पत्रक लिहायला बसली तेव्हा ओदीलचं पेन थांबलं. काढला: तेराशे दहा. भरला: नऊशे. शिल्लक, दुकानात जमा: चारशे दहा. आतापर्यंत सगळं सरळ होतं. शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिलं, "मागच्या तीन पत्रकांवरची सही माझी नाही. ते काम मी केलेलं नाही."

म्हातारी तिच्या खांद्यावरून वाचत होती. "हे लिहिलंस तर चौकशी होईल. आणि चौकशीत पहिलं नाव तुझंच निघेल. नंबर तुझा आहे."

"हो."

"तुझं प्रमाणपत्र जाऊ शकतं?"

"जाऊ शकतं."  तिला वाईट वाटत होतं, उगीच कशाला लपवायचं. आठ वर्षांपूर्वीचा तो फुटलेला जोड, त्या पोरांचं हसणं, रात्र रात्र पाठ केलेली दाबाची कोष्टकं, सगळं एका रकान्यातल्या दोन ओळींपायी पणाला लागत होतं. पण त्या ओळी खोडून ती उठणार नव्हती.

मादाम गाल्तियेने तिच्या हातातून पेन घेतलं. शेऱ्याखाली आपल्या वळणदार, सरकारी अक्षरात तिने लिहिलं, "मी साक्षीदार आहे. तिन्ही वेळा आलेला इसम पुरुष होता." खाली सही केली आणि सवयीने तारीख, वेळ घातली.

ओदील दुकानात पोचली तेव्हा तीन वाजले होते. रेजी फाब्रेग आपल्या टेबलामागे बसून टरबुजाच्या फोडी खात होता. देखणा, गोड बोलणारा माणूस. गिऱ्हाइकाच्या कुत्र्याचंही नाव लक्षात ठेवणारा. लोइक एका गालावर बर्फ धरून खुर्चीत पडला होता. ओदीलने पत्रक टेबलावर ठेवलं. फाब्रेगने ते वाचलं, सावकाश हात पुसले.

"ओदील, ओदील. उन्हाने डोकं फिरलंय तुझं. हे फाड आणि दुसरं लिही. गळती नाही, शंभर ग्रॅम भरले."

"काढलेत मी. चारशे दहा. सिलिंडर गाडीत आहे, तोलून बघ."

"कोण तोलणार आहे? अगं, लोकांना गॅस भरून हवा असतो, आपण भरतो. ते खूश, आपण खूश. तू प्रत्येक घरात तीन तास घालवतेस. बाहेर चाळीस माणसं भाजून निघतायत, त्यांनी काय करायचं?"

"त्यातल्या तिसांनी चटई सोडायची."

लोइक गालावरचा बर्फ सांभाळत म्हणाला, "ओदील, मला वाटलं तुला माहीत आहे. रेजी म्हणाला, तिला विचारलंय. ती हो म्हणालीय."

"मला?" ओदील त्याच्याकडे वळली. "तीन वर्षं रोज एकत्र कॉफी पितो आपण. एकदा तोंड उघडून विचारावंसं नाही वाटलं तुला?"

 फाब्रेगने आवाज मऊ केला. "हे बघ. सप्टेंबरपासून तू इथली मुख्य. नवी गाडी. पगारात तीनशे युरोची वाढ. मला तुझ्यासारखं माणूस लागतंच."

"तुला माझ्यासारखं माणूस नको आहे, रेजी. तुला माझा नंबर हवाय. माणूस तू लोइकला पाठवतोस."

आता त्याचा चेहरा बदलला. "बरं, मग सरळच सांगतो. या कपाटात तुझ्या सहीची दोनशे पत्रकं आहेत. तुझ्या! मी म्हणेन, बाईने सह्या करून दिल्या, मी काय प्रत्येकाच्या मागे उभा राहतो? तोंड उघडलंस तर आधी बुडशील ती तू. आणि तुझ्या वयाच्या बाईला यापुढे कोण उभं करणार आहे?"

त्याने हे बोलायला नको होतं. ओदीलच्या मनात थोडं काही डळमळत होतं, ते या वाक्यासरशी थांबलं. तिने खिशातून मोबाइल काढला, टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला आणि प्रमाणपत्रं देणाऱ्या कचेरीचा नंबर लावला. फाब्रेग हसला. त्याला वाटलं, बाई धमकी देतेय. पलीकडून एका तरुणीचा आवाज आला.

"नमस्कार. मी ओदील रुकेत, नार्बोन." तिने सात आकडे सांगितले. "हा नंबर बंद करा."

"बंद म्हणजे, मादाम? हरवलंय का प्रमाणपत्र?"

"नाही. माझ्याकडेच आहे. पण हा नंबर वापरून दुसरेच लोक गॅस भरत फिरतायत. आज, आत्ता बंद करा."

टेबलापलीकडे फाब्रेग उठून उभा राहिला. दुकानाच्या नावावर गॅस विकत मिळतो तो प्रमाणपत्रवाला माणूस आहे म्हणून, आणि तो माणूस समोर उभा राहून स्वतःलाच खोडत होता. उद्या सकाळी त्याला शंभर ग्रॅमसुद्धा कोणी विकणार नव्हतं, ऐन जुलैत. "ओदील, ठेव तो फोन. बोलू आपण. बस."

"मादाम," तरुणी जरा घुटमळली, "तुमच्या विनंतीवरून बंद केला तर तुम्हालाही काम करता येणार नाही. परत चालू होत नाही तो. नव्याने परीक्षा द्यावी लागेल, लेखी आणि हातकामाची, दोन्ही."

"माहीत आहे. पुढची कधी आहे?"

"सप्टेंबरच्या बारा तारखेला, बेझिएला."

"नाव लिहून ठेवा माझं." 

"लिहिलं. आणि तक्रार नोंदवायची असेल तर जिथे जिथे असं काम झालंय ते पत्ते लागतील. तुमच्याकडे आहेत का?"

ओदीलने कालव्याजवळच्या घराचा पत्ता सांगितला. मजला, नाव, तिन्ही तारखा. मग ती थांबली. पुढचे पत्ते तिला माहीत नव्हते.

"एक घर!" फाब्रेग ओरडला. "एक खुळी म्हातारी! पुढे सांग ना, सांग!"

कपाटाची किल्ली त्याच्या मुठीत होती. तरुणी पलीकडे वाट पाहत होती. "मादाम? एवढंच का?"

लोइकने गालावरचा बर्फ खुर्चीच्या हातावर ठेवला. दुखऱ्या जबड्याने, शब्द नीट उमटत नसताना तो मोबाइलकडे वाकला आणि म्हणाला, "दुसरं घर लिहा. जुन्या बाजारामागे, नंबर चौदा, तळमजला. मीच गेलो होतो. माझं नाव लोइक मारेशाल."

मग तो तिसरं घर सांगू लागला.